ड्राफ्टमध्ये सातवा नंबर आलाय, तयारी कशी करू?

भाच्याचा मेसेज आलाय. हिंजवडीत त्याच्या ऑफिसात आठ जणांनी मिळून प्रीमियर लीगची फॅन्टसी ड्राफ्ट लीग काढलीय (इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधले खेळाडू आपापल्या टीममध्ये घ्यायचे, त्यांच्या खऱ्या मॅचमधल्या खेळावर आपल्याला पॉइंट), येत्या शनिवारी संध्याकाळी ड्राफ्ट आहे, म्हणजे फेरीफेरीने, नंबरानुसार प्रत्येकाने एकेक खेळाडू उचलायचा, त्याचा नंबर सातवा लागलाय आणि आजवर तो फक्त नेहमीचं बजेटवालं फॅन्टसी खेळलाय. "मावशी, तयारी कशी करू, आणि सातव्या नंबरला काही चांगलं उरतं का?" २०१७ ला हा ड्राफ्टचा प्रकार सुरू झाला तेव्हापासून मी दर ऑगस्टला हे करतेय, आमचीही लीग आठ जणांचीच आहे, त्यामुळे सविस्तरच लिहिते, लांबेल, पण पूर्ण वाच.

सगळ्यात आधी ते नेहमीचं फॅन्टसी डोक्यातून काढून टाक. तिथे हालांडसारखा स्टार तुझ्याकडेही असतो, शेजारच्या डेस्कवरच्याकडेही असतो, अख्ख्या पुण्याकडे असतो, आणि मग आठवडाभर विचार कसला तर कॅप्टन (ज्याचे पॉइंट दुप्पट होतात) कोणाला करू. इथे बजेट नाही, कॅप्टन नाही, चिप्स (ठरावीक वेळाच वापरायची खास अस्त्रं) नाहीत, आणि एकाने उचललेला खेळाडू लीगमध्ये दुसऱ्या कोणाला मिळत नाही, गेला की गेला. त्यामुळे "हा प्लेअर किती भारी आहे" एवढं बघून इथे भागत नाही. बघायचं हे की आत्ता याला सोडला तर माझी पाळी परत येईपर्यंत त्या जागेला कोण शिल्लक असेल, आणि या दोघांत फरक किती पडेल. फरक मोठा असेल तर आत्ता उचल, किरकोळ असेल तर थांब आणि दुसरीकडे बघ. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीतूनच निघतं.

आता हिशोब मांडू. प्रत्येकाला १५ जण घ्यायचे, २ कीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. आठ जण म्हणजे एकूण १२० खेळाडू उचलले जाणार, त्यात १६ कीपर, ४० डिफेंडर, ४० मिडफिल्डर आणि २४ फॉरवर्ड. लीगमध्ये क्लब २०. बहुतेक टीम एकच स्ट्रायकर खेळवतात, आणि साका, पामर असे जे खरं तर गोल मारायलाच असतात ते फॅन्टसीत मिडफिल्डर म्हणून लावलेले असतात, म्हणजे दर आठवड्याला नक्की सुरुवातीपासून खेळणारे फॉरवर्ड मोजून वीस-बावीस, आणि तुम्हाला हवेत २४! म्हणजे तुमच्या लीगमध्ये कोणाच्या तरी टीमवर न खेळणारे फॉरवर्ड बसणारच आहेत. मिडफिल्डरचं असं नाही, तिथे माल भरपूर आहे, तीस जण गेले तरी एकतिसावा बऱ्यापैकी असतो.

म्हणून पहिल्या चार-पाच फेऱ्यांत दोन चांगले फॉरवर्ड हातात असले पाहिजेत असं माझं पक्कं मत आहे. दोनच पण, तीन नाही. कारण मैदानावर अकरा उतरवताना किमान एक फॉरवर्ड लागतो, तीन खेळवायची सक्ती नाही, तू ३-५-२ किंवा ४-४-२ (डिफेंडर-मिडफिल्डर-फॉरवर्ड) खेळशील. तिसरा फॉरवर्ड फक्त जागा भरायला आहे, तो सगळ्यात शेवटी, आणि तिथे लॉटरी लावायची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या ख्रिस वूडकडे फारसं कोणी बघत नव्हतं, त्याने त्या सीझनला २० गोल मारले.

यातली अजून एक गंमत सांगते. दरवर्षी फॅन्टसीवाले काही जणांची पोझिशन बदलतात. हावर्ट्झ २०२३-२४ ला मिडफिल्डर होता, पुढच्या वर्षी फॉरवर्ड केला. नेहमीच्या फॅन्टसीत हे नुकसानच, कारण मिडफिल्डरला गोलचे ५ आणि क्लीन शीटचा (टीमने एकही गोल न खाल्ल्याचा) १ मिळतो, फॉरवर्डला गोलचे ४ आणि क्लीन शीटचं काहीच नाही. पण ड्राफ्टमध्ये तोच माणूस जास्त कामाचा होतो, कारण फॉरवर्ड दुर्मीळ आहेत आणि तो नक्की खेळणाराय. तुझ्या ऑफिसातले लोक पॉइंट कमी झाले म्हणून अशा खेळाडूला खाली ढकलतील, तू वर घे.

कीपरबद्दल एकच सांगते, घाई करू नकोस. २० क्लब, २० कीपर, तुम्ही आठ. सगळ्यांनी दोन-दोन घेतले तरी चार नंबर वन कीपर बाहेर राहतात. आणि पहिल्या आणि आठव्या कीपरमध्ये वर्षाअखेरीस जो फरक पडतो तो फॉरवर्डच्या तुलनेत काहीच नाही. खराब टीमचा कीपर सेव्ह जास्त करतो, दर तीन सेव्हला १ पॉइंट, त्यामुळे तोही तसा रडत-खडत मागे येतोच. तरी होणार काय, तर सातव्या-आठव्या फेरीत कोणीतरी एक कीपर घेईल आणि मग पाठोपाठ चार जण कीपर घेतील, दरवर्षी होतं हे, एकाने उडी मारली की बाकीच्यांना आपलं काहीतरी राहून चाललंय असं वाटायला लागतं. त्या वेळी तू शांत बसायचं. ते चार जण कीपर घेतायत तेव्हा तुझ्याकडे चार चांगले डिफेंडर जास्तीचे उरतायत.

डिफेंडरचा विचार २०२५-२६ पासून बदललाय. आधी फक्त क्लीन शीटचे ४ आणि चुकूनमाकून गोल किंवा असिस्ट (गोलसाठी दिलेला पास). आता क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन, टॅकल ही बचावाची सगळी कामं मिळून मॅचमध्ये १० झाले की डिफेंडरला २ पॉइंट वेगळे मिळतात (मिडफिल्डर-फॉरवर्डला १२ लागतात, पण त्यांच्या मोजणीत बॉल परत मिळवलेलाही धरतात). त्यामुळे खालच्या टीमचा सेंटर बॅक (मधला डिफेंडर), जो ९० मिनिटं बॉल डोक्याने परतवत असतो, त्याला आता किंमत आलीय, ३ गोल खाल्ले तरी त्याचे काहीतरी येतात. वरच्या क्लबचा फेमस फुलबॅक (बाजूचा डिफेंडर) तिसऱ्या फेरीत घेण्यापेक्षा असे तीन सेंटर बॅक दहाव्या फेरीनंतर गोळा करणं मला जास्त पटतं, फक्त तो दर आठवड्याला पूर्ण खेळणारा पाहिजे.

आता तुझा सातवा नंबर. निराश होऊ नकोस, मला स्वतःला चौथ्या नंबरपेक्षा सातवा जास्त आवडतो, का ते सांगते. ड्राफ्ट सापासारखा वळतो, पहिल्या फेरीत १ ते ८, दुसऱ्या फेरीत उलटं ८ ते १. म्हणजे तुझ्या पाळ्या येणार ७, १०, २३, २६, ३९, ४२ अशा. जोड्या बघ. ७ आणि १० च्या मध्ये फक्त दोनच पिक (निवडी) आहेत, आणि ते दोन्ही आठव्या नंबरवाल्याचे! २३ आणि २६ च्या मध्येही तोच, ३९ आणि ४२ च्या मध्येही तोच. म्हणजे जोडीतला पहिला पिक करताना तुला सात जणांचा विचार करायचाच नाहीये, फक्त त्या एका माणसाची टीम उघडून बघायची.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते, म्हणजे नीट डोक्यात बसेल. २०२४ च्या ड्राफ्टला मी सातवीच होते. आठव्या नंबरवाल्याने सुरुवातीलाच वॉटकिन्स आणि इसाक, दोन्ही फॉरवर्ड, लागोपाठ उचलले. २३ व्या पिकला माझी पाळी आली तेव्हा माझ्या वहीत दोन नावांना गोल केलेला होता, आर्सेनलचा गाब्रिएल आणि ब्रायटनचा जाओ पेद्रो, आणि माझं मन पेद्रोवर होतं कारण फॉरवर्ड संपत चालले होते. पण शेजारी बघितलं, याच्याकडे दोन फॉरवर्ड आधीच आहेत, डिफेंडर एकही नाही, हा आत्ता तिसरा फॉरवर्ड घेईल कशाला. म्हणून आधी गाब्रिएल घेतला. त्याने एक डिफेंडर घेतला, एक मिडफिल्डर घेतला, आणि २६ ला पेद्रो तसाच माझ्यासाठी थांबलेला होता. उलट केलं असतं तर गाब्रिएल गेला असता. दोन सेकंदांचं काम आहे पण त्यासाठी समोरच्याची टीम बघायची सवय पाहिजे, आणि बहुतेक लोक त्या वेळी स्वतःच्याच लिस्टमध्ये डोकं घालून बसलेले असतात.

मात्र १० नंतर थेट २३, मध्ये १२ जण जाणार, उरलेल्या सहा जणांचे दोन-दोन. तिथे "हा येईल परत माझ्यापर्यंत" असं कधी धरून चालू नकोस. जोडीतला दुसरा पिक करताना विचार उलटा, आता पुढच्या बारा पिकमध्ये कोणती पोझिशन ओसाड होणार? ती आत्ता घ्यायची.

आणि इथेच तुझ्या ऑफिसातल्या लोकांची माहिती उपयोगी पडते, इंटरनेटवरच्या कुठल्याही रँकिंगपेक्षा जास्त. कोण कुठल्या क्लबचा भक्त आहे? लिव्हरपूलवाला लिव्हरपूलचे खेळाडू एक फेरी आधी घेणार, युनायटेडवाला तर दोन फेऱ्या आधी, प्रेम असतं ते, त्याला इलाज नाही. आमच्यात एक आर्सेनलवाला आहे, त्याच्या पाळीला मी साका यादीतून खोडूनच ठेवते. कोण फक्त नावावर जातो, कोण गेल्या वर्षीच्या पॉइंटच्या यादीवरून वरून खाली चालत येतो, हे सगळं चहाच्या टपरीवर चार दिवस फुटबॉलच्या गप्पा मारल्या तरी कळतं, आणि गप्पा मारताना तुझे आवडते दोन-तीन नावं तोंडातून काढू नकोस.

यादी कशी करायची. मी दरवर्षी अप्पा बळवंत चौकातून एक २०० पानी लाँगबुक आणते, स्क्रीनवर मला जमत नाही, तुला एक्सेल आवडत असेल तर एक्सेल कर. एका जोडपानावर चार रकाने, कीपर, डिफेंडर, मिडफिल्डर, फॉरवर्ड. नावं पेनाने लिहायची, वरून खाली. मग पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येक रकान्यात आडव्या रेघा मारायच्या, जिथे वाटतं की इथून खाली माल एकदम उतरला तिथे रेघ. दोन नावांमध्ये कोण वर कोण खाली यावर तासभर घालवू नकोस, त्याने काही होत नाही, रेघ कुठे मारायची यावर घालव. ड्राफ्ट चालू असताना नावं खोडत जायची, आणि एखाद्या रेघेच्या वर एकच नाव उरलं की समजायचं की आता ही पोझिशन घ्यायची वेळ झाली. रेघेच्या वर पाच जण शिल्लक असतील तर निवांत, दुसरीकडे बघ. मिनिटभरात पिक करायचा असतो तेव्हा डोकं चालत नाही, रेघ दिसते.

नावापुढे मी बारीक अक्षरात तीन गोष्टी लिहिते. पेनल्टी हा मारतो का. कॉर्नर-फ्री किक याच्याकडे आहेत का. आणि याची जागा पक्की आहे का, की पाठीमागे कोणी नवा घेतलाय. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. ६० मिनिटं खेळला की २ पॉइंट, त्याच्या आत काढला तर १, आणि मोठ्या क्लबमधला २० मिनिटांसाठी येणारा स्टार हा ड्राफ्टमध्ये फार फसवा माल आहे, त्याच्यापेक्षा मधल्या टीमचा रोज खेळणारा बरा. प्री-सीझनच्या मॅचेसमध्ये कोणी किती गोल मारले ते बघू नकोस, तिथले गोल खोटे असतात, फक्त शेवटच्या दोन मॅचना सुरुवातीचे अकरा कोण होते ते लिहून ठेव.

खालच्या लीगमधून नुकत्याच वर आलेल्या क्लबांच्या बाबतीत सावध राहा. २०२३-२४ ला वर आलेले तिन्ही क्लब त्याच वर्षी खाली गेले, २०२४-२५ ला परत तसंच, तिन्ही. त्यांचे डिफेंडर क्लीन शीटच्या आशेने घेऊ नको. पेनल्टी मारणारा स्ट्रायकर असेल तर मात्र शेवटच्या फेऱ्यांत चालेल.

आफ्रिकन खेळाडू घेताना त्या वर्षी आफ्रिका कप (तिथल्या देशांची स्पर्धा, तेव्हा ते क्लब सोडून देशाकडून खेळायला जातात) आहे का ते बघ. २०२५-२६ ला तो २१ डिसेंबर ते १८ जानेवारी होता, सीझनच्या ऐन मध्यात. म्हणून मोठं नाव सोडायचं असं नाही, पण एका वेळी चार जण जाणार असतील तर त्या आठवड्यांत टीम उभी राहत नाही.

ड्राफ्टची तारीख. शक्य असेल तर पुढे ढकला, पहिल्या मॅचच्या आदल्या दिवसापर्यंत. आमच्यात दोघं ढोल-ताशा पथकात आहेत, ऑगस्टमध्ये त्यांची रोज संध्याकाळी नदीपात्रात प्रॅक्टिस असते, त्यामुळे दरवर्षी तारखेवरून ओढाताण होते, तरी आम्ही उशिराचीच धरतो. २०२३ ला सीझन ११ ऑगस्टला सुरू झाला आणि १२ ला टॉटनहॅमचा स्ट्रायकर केन जर्मनीच्या बायर्न क्लबचा झाला, ज्यांनी आठवडाभर आधी ड्राफ्ट करून पहिल्या फेरीत केन घेतला त्यांचा पहिला पिक जर्मनीला गेला. २०२५ ला इसाक ऑगस्टभर न्यूकॅसलकडून खेळलाच नाही आणि १ सप्टेंबरला लिव्हरपूलला गेला. ज्याच्या ट्रान्सफरचा निकाल लागायचाय त्याला पहिल्या तीन फेऱ्यांत हात लावू नये, कितीही मोठं नाव असू दे. दुखापतीचं मात्र काही करता येत नाही, मँचेस्टर सिटीचा डी ब्रुयन २०२३ च्या त्याच ११ ऑगस्टला पहिल्याच मॅचमध्ये हॅमस्ट्रिंग धरून बाहेर गेला तो थेट जानेवारीत आला, त्याला कोण काय करणार.

ड्राफ्टच्या संध्याकाळची एक गोष्ट, हसण्यावारी नेऊ नको. एका वर्षी चौथ्या फेरीत ऐन पावसात आमच्याकडे लाईट गेली, लॅपटॉप चालू पण वायफाय बंद, मी फोनवरून हॉटस्पॉट लावेपर्यंत माझी वेळ संपली आणि ऑटोपिकने माझ्यासाठी एक दुखापतग्रस्त मिडफिल्डर घेऊन टाकला, कारण यादीत तोच वर होता. मी तेव्हा वॉचलिस्ट (साइटवरची आपल्या पसंतीच्या नावांची यादी) भरलेलीच नव्हती. वेळ संपली की सिस्टिम आधी तुझ्या वॉचलिस्टमधून उचलते, म्हणून वहीतली निदान पहिली चाळीस नावं त्याच क्रमाने आधी वॉचलिस्टला टाकून ठेव. फोन चार्ज, डेटा चालू, दुसऱ्या डिव्हाइसवर लॉगिन तयार. तुम्ही ऑफिसातच बसणार असाल तर प्रश्न नाही, पण कोणाच्या फ्लॅटवर बसणार असाल तर हे सगळं कर.

ड्राफ्ट संपला म्हणजे टीम झाली असं समजू नकोस. शेवटचे तीन-चार खेळाडू हे बदलायलाच घेतलेले असतात, त्यांच्यावर जीव लावायचा नाही. २०२३ ला पामर १ सप्टेंबरला सिटीहून चेल्सीला आला, म्हणजे ऑगस्टच्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घ्यायचं कारणच नव्हतं, फुकटात बाहेर पडलेला होता, आणि त्याने त्या सीझनला २२ गोल मारले. ज्याने सप्टेंबर-ऑक्टोबरात चेल्सीच्या मॅच बघितल्या त्याला तो मिळाला.

त्यासाठी वेव्हर नीट समजून घे, म्हणजे कोणाकडे नसलेला खेळाडू आपल्या एखाद्याच्या बदल्यात मागायची विनंती. प्रत्येक गेमवीकच्या (मॅचच्या आठवड्याच्या) डेडलाइनच्या २४ तास आधी वेव्हर लागतात, तुमच्या लीगच्या टेबलात जो खाली त्याला आधी मागायचा हक्क, त्यानंतर जे उरतील ते डेडलाइनपर्यंत जो आधी घेईल त्याचे. डेडलाइन पहिल्या मॅचच्या दीड तास आधी. पहिली मॅच शुक्रवारी रात्रीची असेल तर आपल्याकडे साडेबाराला सुरू, म्हणजे डेडलाइन रात्री ११, आणि वेव्हर गुरुवारी रात्री ११. शनिवारी संध्याकाळी ५ ला पहिली मॅच असेल तर वेव्हर शुक्रवारी दुपारी साडेतीनला, तू तेव्हा मीटिंगमध्ये असशील, म्हणून गुरुवारी रात्रीच टाकून ठेवायची सवय लाव. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं मागे जातात, मग सगळं एक तास पुढे धर.

आणि सराव कर, वाचून होत नाही हे. आपण घरी करतो तसं, आठ टीमच्या आठ ओळी कागदावर, नावांच्या चिठ्ठ्या, सहा जणांचे पिक मी करीन, आठव्याचे तुझे काका करतील, ते मुद्दाम तुझ्या तोंडचे काढतील म्हणजे तुला राग आवरायची सवय होईल. सहा फेऱ्या पुरतात, पाऊण तास लागतो. गुरुवारी ऑफिसातून थेट कोथरूडला ये, वही अर्धवट असली तरी चालेल, रेघा इथे बसून मारू, चिठ्ठ्या मी कापून ठेवते.